तिथूनच सांग

परवा माझ्या भाच्याने, इम्रानने, फोनवर एक फोटो पाठवला आणि माझा सकाळचा चहा कडू करून टाकला. फोटोत एक जुना लाकडी रेडिओ होता. पुढे पिवळी पडलेली काचेची पट्टी, तिच्याखाली पांढऱ्या कळांची रांग, वर मधोमध एक गोल काचेचा डोळा, आणि उजव्या बाजूची घुंडी गायब. खाली इम्रानचा निरोप होता. 'फुफी, हा माळ्यावर सापडला. पुण्याचं एक गिऱ्हाईक मागून राह्यलं. हौशी मानूस हाय, घरात रेडिओ मांडून ठेवते अन् एकेका पार्टाखाली चिठ्ठी लावते. जर्मनीत ज्याले जे म्हणतात तेच नाव पायजे म्हणते, डेर-डी-दास लावून, एकाचं अन् अनेकाचं. अब्बू सांगत होते का तुम्हाले येते. घरूनच सांगा ना.'

घरूनच सांगा ना. चहा तसाच राहिला आणि त्यावर साय धरली. या वयात राग बरा नाही असं डॉक्टर म्हणतो, मुलगी म्हणते, समोरची शेजारीण तर रोज म्हणते. मी रक्तदाबाची गोळी घेते आणि पुन्हा रागावते. हा रेडिओ मी ओळखते. त्याची घुंडी कुठे गेली तेही मला माहीत आहे, आणि तो दुरुस्त न होता माळ्यावर का चढला तेही. इम्रानला मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. त्या दोन दिवसांत हे लिहायला बसले.

आमचं घर चंद्रपुरात, परकोटाच्या आत. रस्त्याच्या बाजूला अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार. दाराला अम्मीच्या जुन्या लुगड्याचा, हिरव्या फुलांचा पडदा होता. अब्बांचं मूळ गाव आरमोरीकडचं, धानाच्या मुलखातलं, म्हणून आमच्याकडे पोळी पाहुण्यांसाठी आणि भात आमच्यासाठी. चिंचेच्या खट्ट्या डाळीत अम्मी तलावातले वाळवलेले झिंगे टाकायची. त्या झिंग्यांचा वास पडद्यातून दुकानात जायचा आणि दुकानातला तारांना डाग देण्याच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, राळेचा वास पडद्यातून घरात यायचा. मधल्या दारात दोन्ही वास भेटायचे. माझ्या लहानपणाचा वास तोच. अजूनही कुणाकडे खट्टी डाळ खदखदताना पाहिली की मला आपोआप डाग देण्याची कांडी तापल्यासारखं वाटतं.

आणि आवाज. तेव्हाचे रेडिओ बटण दाबल्या दाबल्या बोलत नसत. आतल्या काचेच्या नळ्या, ज्यांना आम्ही व्हॉल्व्ह म्हणायचो, आधी तापायच्या, लालसर व्हायच्या. मग एक घुमल्यासारखा आवाज, मग खरखर, मग लांबून कुणीतरी चालत आल्यासारखा माणसाचा आवाज. दुकानात एका वेळी तीन-चार रेडिओ उघडे पडलेले असायचे. एकात बाजारभाव, एकात भजन, एकात नुसती खरखर. उन्हाळ्यात तर पहाटेच दुकान उघडावं लागायचं, कारण आमच्या चंद्रपूरच्या उन्हात दुपारी डाग देणारी कांडी तापवायची गरज नाही, ती तशीच तापते, असं समोरचा चहावाला किसनभाऊ म्हणायचा. अब्बा खाली गादीवर बसून काम करायचे. त्यांच्या बाजूला, फळ्यांजवळ, एक उंच सागवानी स्टूल होतं. त्याचा एक पाय फाटला होता, त्यावर अब्बांनी पितळी पट्टी ठोकली होती. त्या स्टुलावर बसणाऱ्याने मागितलेला पार्ट शोधून हातात द्यायचा. त्या स्टुलावर मी बसायचे. शाळा सुटली की दप्तर घरात, मी स्टुलावर.

भाऊ होता की. माझ्याहून मोठा सलीम, या इम्रानचा बाप. पण सलीमला रेडिओचं एवढंच प्रेम की क्रिकेटची कॉमेंट्री लागली की तो पडद्याआडून डोकं काढायचा. बाकी वेळ तो पतंगाच्या मागे आणि पतंग संपले की मित्रांच्या मागे. त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. मला कुणी काही म्हणत नव्हतं त्याचीही तेव्हा मला गंमतच वाटायची. आता कळतं, लहान पोरीला कुणी मोजतच नव्हतं.

हेल्गाबाई आमच्या दुकानात आल्या तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. गडचांदूरकडे सिमेंटचा कारखाना उभा राहत होता. यंत्रं बसवायला परदेशातले लोक आले होते, त्यातल्या एका जर्मन इंजिनिअरची ही बायको. नवरा दिवसभर चुनखडीच्या धुळीत, ही बंगल्यात एकटी. बाजाराला जीपमधून चंद्रपूरला यायच्या. त्या दिवशी डोक्याला रुमाल, भुवयांवर पांढरी धूळ, आणि ड्रायव्हरच्या हातात हा रेडिओ. स्वयंपाक्याकडून शिकलेल्या हिंदीत त्या म्हणाल्या, "मेरी रेडिओ बीमार है."

मी स्टुलावरून म्हटलं, "मेरी नहीं, मेरा."

अब्बांनी डोळे वटारले. बाईंना मात्र हसू आवरेना. त्या म्हणाल्या, हिंदीत काय 'मेरा' आणि काय 'मेरी' हे त्यांना कधी जमणार नाही, कारण त्यांच्या भाषेत रेडिओ मेरा पण नाही आणि मेरी पण नाही, तिसराच प्रकार आहे. मी लगेच म्हटलं, तिसरा प्रकार आमच्या मराठीत पण आहे. तो खांब, ती खिडकी, ते दार. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कारखान्यातल्या इंग्रजी बोलणाऱ्या साहेबांना तीन लिंगं सांगितली की त्यांना घाम फुटायचा म्हणे. आणि इथे पेपरमिंट चघळणारी पोरगी 'आमच्याकडे पण आहे' म्हणत होती.

तिथून आमचा सौदा सुरू झाला. मी त्यांची हिंदी दुरुस्त करायची, त्यांनी मला रेडिओच्या पोटातल्या एकेका वस्तूचं जर्मन नाव सांगायचं. त्यांची अट एकच होती. नाव एकटं घ्यायचं नाही. आधी डेर, डी किंवा दास, म्हणजे त्यांचं तो-ती-ते, मग नाव, आणि लगेच त्याचं अनेकवचन. घुंडी म्हणजे डेर क्नोप्फ, अनेक झाल्या की डी क्न्योप्फं. तार म्हणजे डेर द्राट, अनेक म्हणजे डी द्रेटं. व्हॉल्व्ह म्हणजे डी रोअरं, अनेक म्हणजे डी रोअरन. आणि जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो तो लाउडस्पीकर, डेर लाउटश्प्रेखर, तो एक असो की दहा असोत, शब्द तोच. अब्बांना हे विचित्र वाटलं. मी म्हटलं, अब्बा, आपला दगड नाही का? एक दगड, दहा दगड. घराची घरं होतात, नदीच्या नद्या होतात, माळेच्या माळा होतात, पण दगड हलत नाही. पुढे आयुष्यभर कोरपन्याच्या बाजूला सरकारी शाळेत पाचवीच्या पोरांना मी लिंग आणि वचन असंच शिकवलं, आणि कुठल्याही पोराला रडवलं नाही. पण ते शिकायला मला कॉलेज लागलं नव्हतं.

हेल्गाबाईंनी लक्षात राहायला रंग सांगितले. डेर निळा, डी लाल, दास हिरवा. मी तुपाचे तीन रिकामे डबे घेतले, अब्बांच्या उरलेल्या रंगात रंगवले आणि दुकानातले सगळे सुटे पार्ट त्यांत भरून टाकले. तोपर्यंत अब्बांची पद्धत म्हणजे एक मोठं तसराळं, त्यात सगळा काला. आता निळ्यात घुंड्या, तारा, स्विच, कंडेन्सर. लालमध्ये कॉइल, फ्यूज, स्क्रू, स्प्रिंगा, आणि वर कोरपन्याच्या कापसात गुंडाळून ठेवलेल्या रोअरन. हिरव्यात स्टेशन नीट लागलं की उजळणारा काचेचा डोळा, छोटी चाकं, थोडी केबल. हिरवा डबा नेहमी अर्धा रिकामा.

त्यात अब्बांनी एक गोंधळ घातला, तो आठवून आजही मला राग आणि हसू एकदम येतं. बाईंनी सांगितलं होतं की अनेकवचनात सगळ्यांनाच 'डी' लागतं, मग तो डेर असो की दास. अब्बांनी ते शब्दशः घेतलं. डबा उघडायचे, निळ्यात एकच घुंडी असली तर राहू द्यायचे, दोन दिसल्या की उचलून लाल डब्यात टाकायचे. "दोन हाय ना, मंग डी झाल्या ना त्या," असं वर मलाच सांगायचे. महिनाभरात निळा आणि हिरवा डबा जवळजवळ रिकामे आणि लाल डबा शिगोशीग. मी डोक्याला हात लावला. शेवटी नियम केला, डब्यात शिरताना प्रत्येक जण एकटा, घोळका बाहेर तोंडानं म्हणायचा. अब्बांनी मान्य केलं. तेव्हा ते माझं मान्य करायचे.

मग तर आमचं दुकान जत्रा झालं. गोऱ्या लोकांचे, दवाखान्यातल्या मिशनऱ्यांचे, जंगल खात्याच्या बंगल्यांवरचे जर्मन बनावटीचे रेडिओ दूरदूरहून आमच्याकडे यायला लागले. गिऱ्हाईक चहा पीत बसायचं आणि किसनभाऊ समोरून ओरडायचा, "पोट्टे, सांग गिऱ्हाइकाले, हे काय व्हय?" आणि मी स्टुलावर बसून ठणकावून सांगायचे, "डी श्पूलं, डी श्पूलन!" कॉइल हातात. अब्बा मान वर न करता हात पुढे करायचे आणि मी न बघता बरोबर पार्ट त्यांच्या तळव्यावर ठेवायचे. त्यांचा हात कधी रिकामा परत गेला नाही.

एकदा मी हेल्गाबाईंना विचारलं, जर्मनमध्ये मुलगी कुठल्या डब्यात? त्यांनी हिरव्या डब्याकडे बोट दाखवलं. दास मेडशन. मुलगी म्हणजे 'ते'. बाई लाल, पुरुष निळा, पण मुलगी हिरवी, चाकं आणि केबलच्या सोबत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्याकडे लेकरू ते असतं, पोर ते असतं, पण मुलगी म्हटलं की ती. मला कुणी 'ते' म्हटलेलं चालणार नव्हतं. मी तोंड फुगवून बसले तेव्हा किसनभाऊ कपबशी विसळत म्हणाला, "अवं, मोठी होशीन त जाशीन लाल डब्यात. काऊन घाई करून राह्यली?"

किसनभाऊ भला माणूस होता. त्याला माहीत नव्हतं तो काय बोलून गेला.

मी पंधरा-सोळाची झाले असेन. दुपारचं जेवण. ताटात भात, खट्टी डाळ, कांदा. अब्बांनी डाळीत घास कालवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शम्मो, उद्यापासून स्टुलावर सलीम बसन."

"काऊन?"

"मोठी झाली आता तू."

"मोठी झाली त काम जास्त येते मले. सलीमले काय येते?"

"शिकन थो. तू शिकवजो त्याले, घरात बसून. लोकं बोलून राह्यले."

"कोन लोकं? नाव सांगा."

अब्बांनी नाव सांगितलं नाही. आजपर्यंत मला ते नाव कळलेलं नाही, कारण ते नाव नव्हतंच. दुकानात येणारे सगळे मला ओळखणारे होते, कुणाची वाकडी नजर मी पाहिली नाही. लोकांचा मला राग नाही. लोक बोलतात, ते त्यांचं कामच आहे. राग आहे तो अब्बांचा. कारण अब्बांना मी काय करते ते माहीत होतं. त्यांच्या तळव्याला माहीत होतं. न कळणाऱ्या माणसानं मला हाकललं असतं तर मी समजू शकले असते. ज्याला कळत होतं त्यानंच मान खाली घालून सांगितलं, आणि वर 'तू शिकवजो त्याले' म्हणाले. अम्मीनं माझ्या ताटात न मागता भात वाढला. तिच्याकडे तेवढंच होतं.

मी शिकवलं. पडद्याच्या अलीकडे, ओसरीवर, सलीमला समोर बसवून. आयत्या बिळावर नागोबा कसा असतो ते मी तिथे पाहिलं. तो पाढे म्हटल्यासारखं पाठ करायचा. डेर क्नोप्फ डी क्न्योप्फं, डी रोअरं डी रोअरन, धडाधड, सुरात, डोळे मिटून. आवाज चांगला होता त्याचा. पण हातात स्विच ठेवला की म्हणायचा, "हा स्प्रिंग व्हय का?" पाठांतर सगळं, ओळख कुणाशीच नाही. मी चिडले की म्हणायचा, "एवढं काऊन चिडते वं, तू आहेच ना आत." मी आहेच ना आत. हे त्याला सहज सुचलं, आणि घरात कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

मग तो दिवस आला. उन्हं उतरली होती, बाहेर किसनभाऊचा स्टोव्ह फरफरत होता. मी पडद्याआड तांदूळ निवडत बसले होते. जीप थांबल्याचा आवाज आला आणि हेल्गाबाईंची हिंदी कानावर पडली. नवऱ्याचं काम संपत आलं होतं, थोड्या दिवसांत त्या मायदेशी जाणार होत्या, आणि त्याआधी रेडिओ नीट करून हवा होता. काचेचा डोळा मंद झाला होता, आणि घुंडी सैल होऊन हातात आली होती. नेहमीप्रमाणे त्यांनी खेळ सुरू केला. घुंडी पुढे धरून म्हणाल्या, "ये क्या?" सलीमनं खणखणीत आवाजात सगळं पाठांतर म्हणून दाखवलं, एकाच श्वासात, घुंडीपासून फ्यूजपर्यंत. बाईंनी दुकानभर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "लड़की कहाँ है?"

अब्बा म्हणाले, "घर में. अब बड़ी हो गई." आणि तो आवाज! त्यात शरम नव्हती. थोडा अभिमानच होता, पोरगी मोठी झाली म्हणून.

मी पडद्याला डोळा लावला. मला वाटलं बाई भांडतील. परदेशी बाई, एकटी जीपमधून फिरणारी, ती काहीतरी म्हणेल अशी माझी खात्री होती. त्या खांदे उडवून म्हणाल्या, त्यांच्या वडिलांची बेकरी होती, लहानपणी पीठ त्या मळायच्या, आणि बेकरी भावाला मिळाली. "सब जगह ऐसी है," म्हणाल्या, आणि हसल्या. त्या हसण्याचा राग मला अब्बांच्या रागाहून कमी नव्हता. दुखलं होतं त्यांना, आणि तरी हसल्या.

अब्बांनी रेडिओची मागची पाटी उघडली आणि हात पुढे केला. "डोळा दे." सलीमनं निळा डबा चाळला, मग लाल. काही सापडेना. मग त्यानं स्टुलावरूनच मान मागे वळवून हाक मारली, "शम्मो, डोळा कुठी असते वं?"

मी उठले. पडदा बाजूला करून एक पाय दुकानात टाकला. अब्बांनी मागे न पाहता हात वर केला, रस्त्यावरच्या पोलिसासारखा.

"बाहीर नको येऊ. तिथूनच सांग."

तळपायाची आग मस्तकात जाणे, याचा मी वर्गात मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगायचे. ती आग मी त्या दिवशी पाहिली आहे. म्हणजे मी बोलायचं, पण दिसायचं नाही. नाव माझ्या तोंडातून जाणार, डबा सलीमच्या हातात, रेडिओ अब्बांच्या पुढ्यात, आणि मी लुगड्याच्या फुलांच्या मागे. एक दिवस नव्हे, रोज. जन्मभर. मी बाहेर गेले. फळीवरून हिरवा डबा घेतला, लाल घेतला, सलीमच्या मांडीवरचा निळा ओढून घेतला, पायरीवर उभी राहिले आणि तिन्ही डबे एकापाठोपाठ रस्त्यावर उलटे केले.

काचेच्या नळ्या फुटल्याचा आवाज लहान असतो. मला वाटलं होतं मोठा होईल. कापसात होत्या त्या बऱ्याच वाचल्या, पण काही नव्हत्या वाचायच्या. घुंड्या घरंगळत किसनभाऊच्या स्टोव्हखाली गेल्या. हेल्गाबाईंच्या हातातली घुंडीही त्या गडबडीत सुटून गटारात गेली. किसनभाऊ चहाची गाळणी हातात धरून तसाच उभा. "अरे बाप्पा," एवढंच म्हणाला. सलीम ओरडायला लागला. मला मारायला धावला नाही, पण ओरडत राहिला. आणि अब्बा गादीवरून उठले, पायरी उतरले आणि गुडघ्यांवर बसून धुळीतून एकेक पार्ट वेचू लागले. पायजम्याचे गुडघे मातीत. एक फ्यूज, एक स्क्रू, एक चाक. त्यांनी ते तळव्यावर गोळा केलं आणि वर माझ्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा बघितलं.

"आता हे कोन निवडन, बेटा?"

"ज्याले स्टूल देल्लं थो निवडन."

हेल्गाबाई जीपमध्ये बसता बसता मला म्हणाल्या, "तुम्हारा गुस्सा बहुत बड़ा है." इतक्या वर्षांत त्यांचं एवढंच एक वाक्य मेरा-मेरीची चूक न करता बाहेर पडलं. त्या परत आल्या नाहीत. रेडिओ दुकानातच राहिला.

लोक विचारतात, पश्चात्ताप झाला का. नाही झाला. फुटलेल्या रोअरनबद्दल वाईट वाटलं, त्यांचा काही दोष नव्हता. बाकी नाही. घरी कुणी हात उचलला नाही. अम्मीनं त्या संध्याकाळी माझ्या डाळीत झिंगे जास्त घातले आणि ताट पुढे सरकवत म्हणाली, "खाय." सलीमच्या डाळीत नुसती चिंच होती. हे त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

पुढचे कितीतरी दिवस पडद्यापलीकडून अब्बांचा पुटपुटण्याचा आवाज यायचा. "डेर... नाई, डी... डी का दास?" ते डबे पुन्हा लावायचा प्रयत्न करत होते. चुकायचे. मला अलीकडे बसून प्रत्येक चूक ऐकू यायची आणि बरोबर शब्द जिभेवर यायचा. मी एकही बाहेर जाऊ दिला नाही. मूग गिळून बसले असं नाही, मी तांदूळ निवडत बसले. त्यांनी एकदा जरी पडदा बाजूला करून 'ये' म्हटलं असतं तर मी धावत गेले असते. त्यांनी म्हटलं नाही. शेवटी सगळं पुन्हा त्या जुन्या तसराळ्यात गेलं, जसं माझ्या आधी होतं. सुटा काचेचा डोळा रस्त्यावर फुटला होता, तो हिरव्या डब्यात नव्हताच आता, कुठेच नव्हता. हेल्गाबाईंचा रेडिओ आधी फळीवर, मग कोपऱ्यात, मग माळ्यावर गेला. पुढे ट्रान्झिस्टर आले, त्यांना पोट नव्हतंच, बिघडले की फेका. सलीमनं बॅटऱ्या विकल्या, मग कॅसेटी, मग इम्राननं मोबाइलची कव्हरं आणि चार्जर. मला नोकरी लागली तेव्हा अब्बा सगळ्यांना सांगत फिरले, "माही पोरगी मास्तरीण झाली." मीही त्यांना शेवटपर्यंत जेवायला वाढलं, दवाखान्यात नेलं, त्यांच्या पायाला तेल लावलं. सगळं केलं. पण स्टुलाची गोष्ट त्यांनी काढली नाही आणि मी विसरले नाही.

तर, इम्रान. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "फुफी, फोटो पाह्यला ना? कुठी येता एवढ्या उन्हात. घरूनच सांगा, मी लिहून घेतो."

"मी येऊन राह्यली," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ऑटो केली. परकोटाच्या आत रस्ता तोच, गटार आता झाकलेलं. किसनभाऊच्या जागी झेरॉक्सचं दुकान. इम्रान चांगला मुलगा आहे, धावत बाहेर आला, माझा हात धरला, आणि लगेच एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून बाहेर पायरीवर, छपराच्या सावलीत ठेवली. रुमालानं पुसली. "बसा फुफी, इथी हवा लागते." खुर्ची काउंटरच्या बाहेर. तेवढ्याच प्रेमानं, तेवढ्याच मायेनं, बाहेर. त्याच्या मनात काही नाही, मला माहीत आहे. अब्बांच्याही मनात काही नव्हतं.

आत फळ्यांजवळ ते स्टूल होतं. पायावरची पितळी पट्टी काळी पडली होती. वर चार्जरांचं खोकं ठेवलेलं.

"ते खोकं काढ," मी म्हटलं.

"फुफी, ते हालते. पडान तुम्ही."

"काढ."

त्यानं काढलं. मी काउंटरची फळी उचलून आत गेले, पदर खोचला आणि स्टुलावर बसले. हललं नाही. फक्त माझे पाय आता जमिनीला टेकत होते. समोर हेल्गाबाईंचा रेडिओ, मागची पाटी उघडलेली, आत धूळ आणि जुनी राळ. इम्राननं वही उघडली आणि दुकानासमोर थांबलेली दोन गिऱ्हाइकं मान वर करून बघायला लागली. त्यानं रेडिओच्या पोटात बोट घातलं आणि हळूच, लोकांसमोर जरा संकोचून विचारलं, "हे काय व्हय?"

"इथून सांगते," मी म्हटलं, झेरॉक्सवाल्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "लिही."